वाजणारी सायकल मागे

आमच्या गावाला बसचा निवारा होता, बस नव्हती. म्हणजे बस होती, पण ती निवाऱ्यासमोरून धूळ उडवत निघून जायची, थांबायची नाही. या प्रश्नावर मी दोन निवेदनं दिली, एक पत्रक काढलं आणि शेवटी एके सकाळी रस्त्यात आडवी उभी राहिले. त्या दिवशी बस थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, माझ्या हातातलं पत्रक घेऊन त्यानं उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाला, "ताई, लिहिलंय झकास. पण बसणार कुठं?" बस दाराच्या पायरीपर्यंत भरलेली होती. मला उत्तर सुचलं नाही. असं माझ्या बाबतीत फार वेळा होत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

तर मी सायकलनं जायचं ठरवलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी एकवीस वर्षांची होते आणि धुळ्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचं काम मला मिळालं होतं. दिवसभर लग्नपत्रिका जुळवायच्या आणि उरलेल्या वेळात, उरलेल्या कागदावर, आमच्या संघटनेची पत्रकं. गावापासून छापखाना नऊ किलोमीटर. भावाची जुनी सायकल होती, मधे दांडा असलेली. गावातल्या बायका म्हणाल्या, पोरीच्या जातीला दांड्याची सायकल शोभत नाही. मी म्हटलं, दांडा काढला तर सायकल वाकते, शोभेचं मग बघू.

आई म्हणाली, "एकटी जाऊ नको, मिस्तरी लोकांबरोबर जा."

आमच्या गावातले पाच मिस्तरी रोज सकाळी सायकलनं धुळ्याला जात. पाचही एकाच शेडमधे कामाला होते आणि तिथं ते सायकली बनवत. दुरुस्त करत नव्हते, बनवत होते. पाइप कापायचा, कानशीनं घासायचा, पितळेची झाळ देऊन सांधायचा, चाकाची एकेक तार हातानं भरायची. कंपनीची सायकल दुधाच्या चार कॅनांखाली वर्षभरात मान टाकते, म्हणून दूधवाले, भाजीवाले, पोती वाहणारे लांबलांबून यायचे. मिस्तरी आधी माणसाला उभं करून त्याच्या पायाचं माप घेत, मग त्याच्या ओझ्याचं, आणि मग त्याच्या रस्त्याची चौकशी करत. चढ किती, वाळू किती, ओढ्यावरची फरशी कुठं. माणूस, ओझं आणि रस्ता बघून सायकल बनवायची. हे ऐकून मी भारावले होते. सरकारी योजना अशा बनत नाहीत, असं मी लगेच एका पत्रकात लिहिलंही.

त्या पाचांत सगळ्यात मोठे नाना. त्यांनीच बाकीच्या चौघांना हे काम शिकवलं. चाकवाला भाऊ तिशीचा, जिभेनं तिखट. चाकं भरण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, असं तो स्वतःच सांगायचा. रंगवाले आबा आमच्याच बौद्धवाड्यातले, माझ्या वडिलांचे दोस्त. त्यांची स्वतःची सायकल मात्र बिनरंगाची होती. "घरना कामले रंग कोन देस?" असं त्यांचं म्हणणं. उरलेले दोघं वेल्डिंग करणारे सख्खे भाऊ, ते बोलत फक्त एकमेकांशी.

पहिल्या दिवशी निवाऱ्यापाशी सगळे एका रांगेत निघाले. मी मधे घुसले. शंभर पावलं गेलो नसू, तोच पुढून नानांनी हात वर केला. रांग थांबली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले,

"पोरी, तू मांगे. बठ्ठासना मांगे."

"का?"

"नेम शे."

मी सगळ्यांच्या मागे गेले. नऊ किलोमीटर पाच माणसांची धूळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिले, तर चाकवाला भाऊ हसत म्हणाला, "ओ पुढारीनबाई, पुढारपन गावमा. रस्तावर मांगे."

आता मला सांगा, एकवीस वर्षांच्या, संघटनेत काम करणाऱ्या मुलीला याचा अर्थ काय लागणार? बाईनं मागे चालायचं. घरात मागे, पंगतीत मागे, आता सायकलवरही मागे! माझं डोकं फिरलं. मी छापखान्यात जेवणाची सुट्टी न घेता पत्रक जुळवलं. मथळा ठळक खिळ्यांत: 'मागे कोण आणि का?' खाली चार मागण्या. रस्ता सर्वांचा आहे. रांगेतला क्रम रोज बदलावा. नियम असेल तर तो लेखी दाखवावा. चौथी मागणी आता आठवत नाही, पण ती सगळ्यात कडक होती. पाच प्रती काढल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवाऱ्यापाशी पाचही जणांच्या हातात दिल्या.

लोक पत्रक घेतात आणि टाकून देतात, हा माझा अनुभव. या लोकांनी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. आबांनी तर चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. मग नाना खाली उतरले, माझ्या सायकलपाशी आले. त्यांनी पत्रकाची घडी घातली, परत घडी, परत घडी, चांगली आठपदरी केली आणि माझ्या मागच्या मडगार्डच्या आणि त्याच्या पट्टीच्या मधे ती अंगठ्यानं दाबून बसवली. सायकल उचलून जमिनीवर आपटली.

"येक आवाज बंद व्हयना," ते म्हणाले. "आते दोन ऱ्हायनात."

म्हणजे माझ्या सायकलचा एक आवाज पत्रकानं बंद झाला होता. तेव्हा कुठं आबांनी मला नीट सांगितलं. नेम बाईमाणसाचा नव्हताच. नेम असा की वाजणारी सायकल मागे. मिस्तरी माणूस रस्त्यानं जाताना आपली सायकल ऐकत जातो. दिवसभर शेडमधे घणघणाट, ऐकायला मिळतं ते सकाळी रस्त्यावरच. मधेच कोणाची खडखड करत असली तर बाकीच्यांना आपलं काही कळत नाही. म्हणून ती मागे. आणि दुसरा नेम असा की ती का वाजते हे कोणी सांगायचं नाही. ज्याचं त्यानं शोधायचं.

"मग तोंडानं सांगायचं ना पहिल्या दिवशी!" मी ओरडले.

"तू विचारं कोठे?" चाकवाला भाऊ म्हणाला. "तू तर डायरेक छापी आनं!"

हे खरं होतं. मी 'का' एकदाच विचारलं होतं आणि उत्तर स्वतःच ठरवून टाकलं होतं. पण मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते, जो नियम तोंडानं सांगत नाहीत, त्याचा लोक वाईटच अर्थ लावणार. त्यात लोकांची चूक नाही. आबांना हे पटलं. चाकवाल्या भाऊला पटलं नाही.

उरलेल्या दोन आवाजांपैकी एक आठवड्याभरात सापडला. माझ्या डब्यातला चमचा. तो सापडला त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी छापखान्यातल्या सगळ्यांना सांगितलं, कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्यानं महिना घेतला. पायडलच्या एका फेरीला एकदा 'टक'. मी सीट आवळली, हँडल आवळलं, चेनला तेल दिलं. शेवटी कळलं की पायडलचा दांडा ज्या खिळीनं अडकवलेला असतो, ती खिळी ढिली होती. मी ती काढून शेडमधे नेली, नव्या खिळीला स्वतः कानस मारली आणि ठोकून बसवली. नाना शेजारी उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी रांगेत त्यांनी मला हातानं पुढं बोलावलं. वेल्डिंगवाल्या भावांच्या पुढं! दोघांनी एकमेकांत काहीतरी म्हटलं.

त्या पावसाळ्यात माझे कान उघडले. भिजलेल्या चेनचा आवाज, सुकलेल्या चेनचा आवाज, बेअरिंगचा छर्रा फुटलेल्या चाकाची घरघर. रस्त्यानं दुसऱ्या कोणाची सायकल गेली तरी मी कान टवकारायची. एका शिक्षकांना मी भर रस्त्यात थांबवून त्यांचा ब्रेक सांगितला होता. त्यांना राग आला.

पोळ्याच्या सुमाराला मी नानांच्या बरोबर मागे, दुसऱ्या नंबरावर आले. आणि पहिल्याच सकाळी ऐकलं. कट्. मग पायडलची एक फेरी. कट्.

नानांची सायकल वाजत होती.

मला वाटलं, आज वाजते, उद्या काढतील. उद्या वाजली. परवाही. मी मागे वळून चाकवाल्या भाऊला विचारलं, "तुला ऐकू येतंय ना?"

तो बाभळीकडे बघत म्हणाला, "माले नही आयकू येत काही."

आबांना विचारलं. आबा खोकले. तेव्हा कळलं की सगळ्यांना माहीत आहे. त्या पावसाळ्यात नानांचे कान गेले होते. सायकल वाजत होती आणि ती नानांना ऐकू येत नव्हती, आणि हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती.

का नव्हती तेही सांगते. नानांची कंबर धरल्यापासून त्यांच्यानं वाकून काम होत नव्हतं. शेडमधे त्यांचं एकच काम उरलं होतं, ऐकणं. सायकल तयार झाली की तिच्यावर ओझं बांधून कोणीतरी ती फिरवायचा, नाना दारात उभं राहून डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. त्यांनी मान हलवल्याशिवाय एकही सायकल शेडमधून बाहेर जात नसे. गिऱ्हाइकंसुद्धा विचारायची, "नानांनी ऐकली का?" कान गेले असं एकदा तोंडावर म्हटलं, की नानांनी दुसऱ्या दिवसापासून घरी बाजेवर बसायचं, एवढं ते सरळ होतं.

म्हणून या चौघांनी एक नाटक रचलं होतं. नाना मान हलवायचे. मग आबा म्हणायचे, "थांबा, रंगाचा एक हात राहिला," आणि सायकल मागच्या बाजूला न्यायचे. तिथं चाकवाला भाऊ ती गुपचूप फिरवून ऐकायचा, जे ढिलं असेल ते आवळायचा, मग ती गिऱ्हाइकाला मिळायची.

मला प्रचंड राग आला. एक तर नियम माझ्यासाठी होता आणि नानांसाठी नव्हता. दुसरं म्हणजे, ज्या माणसानं यांना शिकवलं त्यालाच हे लोक बनवत होते आणि त्याला आदर म्हणत होते. आणि तिसरं, आबा एखाद्या दिवशी आजारी पडले तर? ढिली सायकल चार कॅन घेऊन उतारावर गेली तर? मी हे सगळं चाकवाल्या भाऊला सुनावलं.

तो पहिल्यांदाच न हसता बोलला. "तू बोलशी आन् मोकळी व्हशी. नाना घर बसी जाई."

मी दिवाळीपर्यंत गप्प राहिले. हा माझा आजवरचा सगळ्यात मोठा मौनाचा काळ आहे. रोज सकाळी नऊ किलोमीटर ते कट् कट् ऐकत गेले. दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली. एका सकाळी माझ्या तोंडून ते निघूनच गेलं.

"नाना, तुमची सायकल वाजतेय!"

मागे सगळ्यांचे ब्रेक लागले. पुढं नाना आपले चालले होते. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. मी परत ओरडले, मोठ्यानं. काही नाही. एकदा म्हणायलाच मी तीन महिने घेतले होते, आता तेच वाक्य तिसऱ्यांदा गळा फाडून म्हणावं लागलं. शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघायला लागल्या. त्यातल्या एकीनं तोंडापुढं हात धरून हाक दिली,

"ओ नाना! तुमनी सायकल वाजस म्हने ती!"

शेताच्या या टोकाहून त्या टोकाला हाका मारून तयार झालेला आवाज होता तो. नानांनी ब्रेक दाबला.

ते उतरले. आम्ही उतरलो. त्यांनी सायकल स्टँडवर लावून पायडल हातानं फिरवलं आणि कान जवळ नेला. मग आमच्याकडे बघितलं.

"कव्हयपासून?"

मी म्हटलं, "पोळ्यापासून."

"तुमले बठ्ठासले माहीत व्हतं?"

आबांनी मान खाली घातली. त्यातच उत्तर आलं. नानांनी सायकल स्टँडवरून काढली, आमच्या शेजारून चालत मागे नेली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. नेम म्हणजे नेम.

आता गंमत अशी झाली की नानांच्या पुढं जायला कोणी तयार नाही. चाकवाला भाऊ सायकल ढकलत त्यांच्या मागे गेला. आबा त्याच्याही मागे. वेल्डिंगवाले भाऊ आबांच्या मागे. नाना परत सगळ्यांच्या मागे गेले. असं करत करत ती रांग धुळ्याकडे जायच्या ऐवजी चांगली पन्नास पावलं गावाकडे सरकली. शेतातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"पुढे व्हा रे!" शेवटी नाना ओरडले. "का आज घर जाई बसनं शे?"

मी पुढं झाले. दुसरं कोणी तयारच नव्हतं.

तीन दिवस नाना शेवटी राहिले आणि कोणाशी बोलले नाहीत. शेडमधे ते दारात उभे राहत नव्हते, मागच्या भिंतीशी स्टुलावर बसत. एका दुधवाल्याची सायकल तयार झाली तेव्हा त्यांना बोलवायला गेलेल्या आबांना त्यांनी नुसता हात हलवून परत पाठवलं. चाकवाला भाऊ मला म्हणाला, "आते काढ पत्रक. लिख, येक म्हातारा घर बसाडी दिना." मला उत्तर सुचलं नाही. हे दुसऱ्यांदा. मी खरं बोलले होते, याबद्दल मला शंका नव्हती. पण ते शेतभर ऐकू जाईल असं बोलायचं नव्हतं, एवढं मला त्या तीन दिवसांत समजलं. एकांतात, त्यांच्या कानाशी जाऊन, हातावर हात ठेवून सांगता आलं असतं. मला तशी सवय नव्हती. मी पत्रकात वाढलेली.

चौथ्या सकाळी अर्ध्या रस्त्यात मागून आवाज आला.

"ए चाकवाल्या! तुनं मांगलं चाक नाची राहिनं!"

चाकवाला भाऊ असा थांबला की आबा त्याच्यावर आदळता आदळता वाचले. त्याचं चाक? जिल्ह्यात हात धरणारा नाही त्याचं? त्यानं सायकल उलटी केली, चाक गरकन फिरवलं, ब्रेकच्या रबराशी डोळा लावला. गव्हाच्या दाण्याएवढं चाक एका बाजूला जात होतं. ते वाजत नव्हतं, म्हणून आमच्यापैकी कोणाला कळलं नव्हतं. ते दिसत होतं, आणि तेही बरोबर मागे असणाऱ्यालाच.

नानांच्या चेहऱ्यावर तीन दिवसांनी काहीतरी हललं. इतकी वर्षं ते पुढं होते. पुढून ऐकू येतं, दिसत नाही. आता त्यांच्यासमोर पाच सायकलींची पाच मागची चाकं ओळीनं चालली होती आणि ते जणू नवा चष्मा मिळाल्यासारखे एकेकाला घेत सुटले. आबांच्या कॅरिअरचा एक पाय आखूड. थोरल्या वेल्डिंगवाल्याची चेन आत ओढलेली. माझी सीट वाकडी, आणि मी डावीकडे झुकून बसते, म्हणून चपलेची डावी टाच आधी झिजते. मी टाच बघितली. खरं होतं! धुळे येईपर्यंत त्यांनी कोणाला सुखानं जाऊ दिलं नाही.

त्या दिवशी शेडमधे नाना स्टुलावर बसले नाहीत. दुधवाल्याची सायकल अजून तिथंच होती. त्यांनी तिच्यावर पाण्यानं भरलेले चार कॅन बांधायला लावले, चाकवाल्या भाऊला वर बसवलं आणि स्वतः आपल्या सायकलवरून मागे निघाले. पांझरा नदीच्या पुलापर्यंत गेले आणि परत आले. ऐकायचं काम भाऊचं, बघायचं नानांचं. हीच पुढं पद्धत पडली. सकाळी मला वेळ असला तर छापखान्यात जायच्या आधी नवी सायकल मीही फिरवून ऐकायची.

नानांनी आपल्या सायकलचं ते कट् कट् मात्र काढलं नाही. एकदा मी त्यांच्या कानाशी जाऊन, हळू, एकांतात विचारलं, तर हसले. "मी नेममाच शे. वाजस ती सायकल मांगे. मी मांगेच शे ना? आन् वाजनी ते तुमले कळस, म्हातारा येई राहिना."

थंडीत एक दिवस दोंडाईच्याचा एक मिरचीवाला आपली सायकल न्यायला आला. मिरच्यांची दोन पोती बरोबर घेऊनच आला होता. त्याच्या गावात त्याला कोणीतरी सांगून पाठवलं होतं, त्यामुळं आल्या आल्या त्यानं तेच विचारलं, "नानांनी कान लावला ना हिला? मी त्यासाठीच एवढ्या लांब आलो."

शेडमधे सगळ्यांचे हात थांबले. चाकवाला भाऊ घाईनं म्हणाला, "हो हो, लावला ना." मी तोंड उघडणार होते. पण त्याआधी आमचे थांबलेले हात बघून नाना काय ते समजले आणि स्टुलावरून उठून पुढं आले.

"माझे कान गेले," ते त्याला म्हणाले. गिऱ्हाइकाशी ते शुद्ध बोलायचे. "ऐकली या पोरांनी. मी बघितली. पाहिजे तर न्या, नाहीतर ठेवा."

मिरचीवाल्यानं सायकलकडे बघितलं, मग नानांकडे. मग पोती बांधली आणि बसला. नाना त्याच्या मागे निघाले. पुलाच्या बऱ्याच अलीकडे, शेडसमोरच त्यांनी त्याला थांबवलं, खाली उतरवलं, एक पोतं बोटभर सरकवलं, परत बसवलं. पोत्याला हात लागला तशी मिरचीची भुकटी उडाली. तो शिंकला, नाना शिंकले, आम्ही शेडच्या दारातून बघत होतो ते वाऱ्यामुळं सगळे शिंकायला लागलो. शिंकतच त्यानं दोन्ही हात जोडले आणि दोंडाईच्याच्या रस्त्याला लागला. सायकल सरळ चालली होती. नाना रस्त्याच्या मधोमध उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्या मागच्या चाकाकडे बघत होते.

मला छापखान्यात पोचायला पाऊण तास उशीर झाला. मालकांनी कारण विचारलं. मी घडलं ते सगळं सांगितलं, अगदी शिंकांसकट. ते म्हणाले, उद्यापासून बसनं येत जा.